आजारी मुलांसाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं काय?

यावेळी दहावी-बारावीच्या आसपासच्या मुलामुलींचे प्रश्न बरेच आलेत आणि जवळजवळ सगळे मुलांच्या हॉस्पिटलला मदत कशी करायची याबद्दल, म्हणून एकत्रच घेते. मी स्वतः बरीच वर्षं व्हॉलंटियरिंगच्या कामात आहे, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलले तर रागावू नका.

ताई, आम्ही मित्रांनी मिळून घरोघरी फिरून जुनी खेळणी गोळा केली, बहुतेक सॉफ्ट टॉइज, तीन मोठ्या पिशव्या भरल्या. हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो तर घ्यायलाच नाही म्हणाले. इतकं वाईट वाटलं की परत काही करायची इच्छाच राहिली नाही.

अरे, वाईट वाटणारच, पण त्यांचं बरोबर होतं. सॉफ्ट टॉयच्या कापडात आणि आतल्या कापसात जंतू बसतात, वरून पुसून ते जात नाहीत, आणि कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी खाली गेलेली असते की तुमच्या घरात निरुपद्रवी असलेली गोष्ट त्याला आयसीयूत नेऊ शकते. म्हणून बहुतेक हॉस्पिटल्स फक्त नवीन, पॅकिंग न फोडलेलं सामान घेतात. आयसीयू आणि कॅन्सरच्या वॉर्डात साधी ताजी फुलंसुद्धा सहसा चालत नाहीत, कारण मातीत आणि फुलदाणीच्या पाण्यात बुरशी नि बॅक्टेरिया असतात. रबरी फुग्यांनाही बऱ्याच ठिकाणी बंदी असते, लॅटेक्सची अॅलर्जी आणि फुटलेला तुकडा घशात अडकायची भीती. आणि बटणासारखा चपटा सेल असलेलं खेळणं असेल तर त्या सेलचं झाकण स्क्रूनेच बंद होतंय ना हे बघा, कारण लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं.

आता पुढच्या वेळी काय करायचं, तर आधी फोन करायचा. बऱ्याच हॉस्पिटल्सची विशलिस्ट तयार असते आणि ती वाचलीत तर कळेल की लोक काय देतात आणि तिथे काय लागतं यात किती अंतर असतं. सगळ्यात दुर्लक्षित पेशंट म्हणजे तुमच्याच वयाचे! चार वर्षांच्या मुलासाठी खेळणी येतात, पण पंधरा वर्षांचा मुलगा महिनाभर बेडवर पडून आहे त्याला कोण काय देतं? लांब वायरचा चार्जर, हेडफोन, पत्त्यांचा कॅट, चांगली स्केचबुक, पझल्स, कॉमिक्स, असलं काहीतरी हवं असतं, आणि ते मोठ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त कळतं. अजून एक, सणासुदीला सामानाचा नुसता पूर येतो आणि मग कित्येक महिने कोणी फिरकत नाही, तर मधल्या कोरड्या महिन्यांत द्या. आणि ती जुनी खेळणी फेकू नका, जिथे आजारी मुलं नाहीत अशा ठिकाणी विचारा, धुऊन द्या.

मी १५ वर्षांची आहे. सुट्टीत मुलांच्या हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायचं होतं, पण १६ पूर्ण पाहिजेत म्हणाले. एका वर्षाने असा काय फरक पडतो?

फरक तुझ्यात पडत नाही गं, त्यांना कुठेतरी रेष ओढावीच लागते. काही ठिकाणी ती १४ ला असते, बऱ्याच ठिकाणी १६, काही ठिकाणी थेट १८, त्यामुळे एका नकारावर थांबू नकोस, दुसरीकडेही विचार. पण आधीच सांगते, वय बसलं म्हणजे झालं असं नाही. पालकांची सही, गोवर-कांजिण्यांच्या लसींची नोंद, काही ठिकाणी टीबीची टेस्ट, मग ट्रेनिंग, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी काही महिने तरी येईन असा शब्द. सुट्टीत पंधरा दिवस येते म्हटलं की कोऑर्डिनेटरचा चेहरा पडतो, कारण शिकवून तयार होईपर्यंत तू निघालेली असतेस. आणि जाऊन दिवसभर बाळांशी खेळायचं असं डोक्यात असेल तर ते काढ. प्लेरूममधलं एकेक खेळणं डिसइन्फेक्ट करणं, सामान लावणं, आलेल्या लोकांना रस्ता दाखवणं, यातच बराच वेळ जातो. सर्दी असेल त्या दिवशी जायचंच नाही, कितीही बरं वाटत असलं तरी.

तोपर्यंत घरी बसून करण्यासारखं काम म्हणजे अॅक्टिव्हिटी किट. एका मुलासाठी एक बंद पाकीट: नवीन क्रेयॉन्स, चित्रं, स्टिकर्स, कोडी. एकाला एक यासाठी की आयसोलेशनमधल्या मुलाच्या खोलीत गेलेली वस्तू दुसऱ्या मुलाला देता येत नाही. ग्लिटर नको, कात्री नको, आणि अगदी लहानांच्या किटमध्ये घशात जाईल असं बारीक काही नको.

कार्डवर काय लिहायचं? आमच्या वर्गाने शंभर कार्डं केलीत.

वा! फक्त ‘लवकर बरा हो’ लिहू नका. काही मुलं लवकर बरी होणार नसतात, काही होणारच नसतात, आणि ते त्यांनाही माहीत असतं. जोक लिहा, कोडं घाला, कुत्र्याचं चित्र काढा. खाली फक्त पहिलं नाव, आडनाव-पत्ता-फोन काही नाही. देवाधर्माचं काही नको, घर कुठलंही असू शकतं.

माझ्या १३ वर्षांच्या मुलीला केस दान करायचेत आणि मोठ्या मुलाला रक्तदान. मुलगा १७ चा आहे. चालेल का?

केस हॉस्पिटल सहसा घेत नाही, विग बनवणाऱ्या संस्था घेतात, त्यामुळे आधी संस्था ठरवा आणि मग कात्री लावा. प्रत्येकीची लांबीची अट वेगळी, बऱ्याच ठिकाणी १० ते १२ इंच तरी लागतात. केस धुऊन पूर्ण वाळवायचे, रबरबँड लावून मगच कापायचे, ब्लीच केलेले बहुतेक ठिकाणी नाकारतात. एका विगला अनेक जणींचे केस लागतात हे तिला सांगून ठेवा, म्हणजे ‘माझ्या केसांचा विग कोणाला मिळाला’ असं विचारत बसणार नाही.

रक्ताचं म्हणाल तर बहुतेक देशांत किमान वय १८ आहे, काही देशांत पालकांच्या संमतीने १६-१७ ला चालतं. वजनाचीही अट असते. तुमच्याकडे १८ असेल तर त्याने हिरमुसू नये, त्याला कॅम्प भरवता येईल, आणि मला विचाराल तर त्याच्या एका बाटलीपेक्षा त्याने आणलेल्या चाळीस मोठ्या माणसांचा उपयोग जास्त. केमोथेरपीतल्या मुलांना प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या जेमतेम ५ ते ७ दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही. सुट्टीच्या दिवसांत डोनर कमी होतात, तेव्हा भरवा.

आम्हा दोघांना गेमिंगचा लाइव्ह स्ट्रीम करून पैसे जमवायचेत. घरचे हसतात.

हसू देत. अमेरिकेत २००८ पासून एक्स्ट्रा लाइफ नावाचा उपक्रम नेमका हेच करतो, लोक २४ तास गेम खेळतात आणि पैसे मुलांच्या हॉस्पिटल्सना जातात. तिकडेच इंडियाना युनिव्हर्सिटीच्या पोरांनी १९९१ साली, रायन व्हाइट हा त्यांच्याच वयाचा मुलगा एड्सने गेल्यानंतर, त्याच्यावर उपचार झालेल्या रायली हॉस्पिटलसाठी डान्स मॅरेथॉन सुरू केली. आणि अॅलेक्स स्कॉट तर चार वर्षांची होती, स्वतः कॅन्सरची पेशंट, २००० साली घरासमोर लिंबू सरबताचा स्टॉल लावून बसली. २००४ मध्ये ती गेली तोवर दहा लाख डॉलर जमले होते.

पण दोन-तीन गोष्टी पक्क्या करा. हॉस्पिटलचं नाव किंवा लोगो वापरायच्या आधी लेखी परवानगी. पैसे स्वतःच्या खात्यात अजिबात नाही, थेट हॉस्पिटलच्या डोनेशन पेजची लिंक द्या, म्हणजे पावती देणाऱ्याच्या नावाने निघते आणि तुमच्यावर कोणी बोट दाखवत नाही. प्लॅटफॉर्म किती कमिशन कापतो ते आधी बघा आणि बघणाऱ्यांनाही सांगा. आणि आजारी मुलाचा फोटो लावून रडवणं नको, तुमचा गेमच दाखवा.

मी व्हॉलंटियर झालोय. वॉर्डातल्या एका मुलीने स्वतःच सेल्फी काढूया म्हटलं, तरी नाही म्हणायचं का?

हो, तरी नाहीच. तिचं नाव, आजार, चेहरा, यातलं काहीही तुझ्या फोनमधून बाहेर जाऊ नये, घरी गप्पांत सांगतानाही नाव नको. फार आग्रह केला तर सिस्टरना सांग, त्या तिच्या आईवडिलांना विचारून तिच्याच फोनवर काय ते बघतील. तू तोवर तिच्याशी पत्त्यांचा डाव मांड, आणि हात आधी आणि नंतर नीट धू, साबणाने ४० ते ६० सेकंद.