‘विलग वाहक’ जवळ कसा असेल?

प्रश्न असा आहे: ‘धनप्रभारित पट्टिकेजवळ ठेवलेल्या विलग वाहकाचा विभव (पोटेन्शियल) काढा’ या वाक्यात वाहक विलगही आहे आणि जवळही, हे कसे? शिवाय वाहकावर प्रभारच नाही, मग विभव शून्य का नाही?

‘विलग’ इथे अंतराबद्दल काहीच सांगत नाही. जमिनीशी, पट्टिकेशी किंवा आणखी कशाशीही वीज वाहील असा संपर्क नाही, एवढाच त्याचा अर्थ. काचेच्या दांड्यावर बसवलेला धातूचा गोळा पट्टिकेच्या अगदी जवळ, पण तिला न टेकता असेल तरी तो विलगच. घोटाळा होतो तो या शब्दाच्या दुसऱ्या वापरामुळे. ‘९ सेंमी त्रिज्येच्या विलग गोलाची धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) सुमारे १० पिकोफॅरड’ असे म्हणतो, तेव्हा आसपास दुसरे काहीच नाही हे गृहीत असते. एका शब्दावर दोन अर्थांचा भार नको. पहिल्या अर्थी ‘विद्युतरोधित’ आणि दुसऱ्या अर्थी ‘एकाकी’ लिहावे, असे मला ठामपणे वाटते.

आता विभव. अनंत अंतरावरून एकक धनप्रभार एखाद्या जागेपर्यंत आणायला लागणारे कार्य म्हणजे तिथला विभव. पट्टिका त्या प्रभाराला मागे रेटत असते, म्हणून कार्य करावेच लागते. वाहकावर स्वतःचा प्रभार असो वा नसो. वाहकाच्या पट्टिकेकडच्या अंगावर ऋणप्रभार येतो, पलीकडे तेवढाच धन. बेरीज शून्य, पण विभव धन, आणि साऱ्या वाहकभर एकच.

दोन मोठ्या समांतर पट्टिका १० मिमी अंतरावर घ्या, एक ० व्होल्टला, दुसरी १०० व्होल्टला. शून्यवालीपासून ३ मिमीवर प्रभार नसलेला पातळ धातूचा पत्रा तिला समांतर धरला, तर त्याचा विभव ३० व्होल्ट. ७ मिमीवर सरकवला की ७०. त्याला प्रभाराचा कणही दिलेला नाही! तोच पत्रा जमिनीला जोडला की विभव शून्य होतो आणि त्यावर जमिनीतून ऋणप्रभार चढतो. थोडक्यात, विलग वाहकाचा प्रभार ठरलेला आणि विभव मोकळा. भूसंपर्कित वाहकाचे नेमके उलट. इलेक्ट्रॉनिक्सवाले पहिल्याला ‘फ्लोटिंग’ म्हणतात ते याचसाठी.

व्होल्टा यांनी १७७५ मध्ये मांडलेले इलेक्ट्रोफोरस हे प्रभार मिळवण्याचे साधन यावरच चालते. ऋणप्रभारित राळेच्या वडीवर ठेवलेल्या धातूच्या झाकणाला बोट लावले की ते भूसंपर्कित, बोट काढले की पुन्हा विलग. मग दांड्याला धरून उचलले की धनप्रभार झाकणाबरोबर येतो.