फायरिंग इंटरव्हल बदलताय? आधी ७२० ची बेरीज जुळवा

इंजिन सिम्युलेटरमध्ये (आकडे भरले की इंजिनचा आवाज ऐकवणारा प्रोग्रॅम) पहिल्याच दिवशी व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, जुळवायला बसू नका. दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. चूक कुठे आहे ते लगेच कानाला कळतं.

फोर-स्ट्रोकची एक सायकल म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे, ७२० अंश. एक सिलिंडर पेटल्यापासून पुढचा पेटेपर्यंतचा गॅप म्हणजे फायरिंग इंटरव्हल. सगळ्या गॅपची बेरीज तेवढीच यायला हवी. ३६०-३६० ठेवलंत तर एकसारखा ठोका. २७०-४५० केलंत की तोच आवाज लंगडत, गुरगुरत येतो.

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथे: इग्निशनचा (ठिणगीचा) कोन २७० करतो आणि क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो ती पिन, जुन्याच जागी ठेवतो. मग दुसरा पिस्टन वर पोचायला ९० अंश बाकी असतानाच ठिणगी पडते आणि इंजिन धड चालत नाही. आधी पिन हलवा, मग इग्निशन.

आणखी काही नेहमीच्या चुका:

- फायरिंग ऑर्डर म्हणजे इंटरव्हल नव्हे. १-३-४-२ हा नुसता क्रम झाला. इनलाइन-फोरमध्ये प्रत्येकी १८० अंश वेगळे भरावे लागतात.
- क्रॉस-प्लेन व्ही-८ (क्रँकपिन ९०-९० अंशांवर असलेलं आठ सिलिंडरचं इंजिन) दर ९० अंशांनी फायर होतं, पण एकेका बँकेत (व्हीच्या एका बाजूच्या सिलिंडरांत) गॅप विषम पडतात, आणि त्यातूनच त्याची गडगड येते. दोन्ही बँका एकाच एक्झॉस्टला जोडल्या की ती गडगड बरीचशी जाते, आणि लोक उगाच इंटरव्हल तपासत बसतात.
- एका वेळी एकच आकडा बदला, फाइलची प्रत ठेवा, आयडलवर (सर्वात कमी वेगावर) ऐका. रेडलाइनला (कमाल वेगावर) सगळंच सारखं वाटतं.

कॅम प्रोफाइल, टर्बो वगैरेंना सध्या हात लावू नका.