काउंटी म्हणजे आपला जिल्हा का?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहते. तिच्याकडच्या कागदपत्रांवर ‘सांता क्लारा काउंटी’ असे लिहिलेले असते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा की तालुका? तिथे कलेक्टर कोण असतो? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : काउंटीला जिल्हा म्हणायला हरकत नाही, पण तिथे कलेक्टर नसतो, आणि खरा फरक तोच आहे. आपला जिल्हाधिकारी सरकार नेमते. सांता क्लाराचा कारभार मात्र मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेले पाच सदस्यांचे मंडळ पाहते. शेरीफ म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, मालमत्तेचे करमूल्य ठरवणारा अधिकारी, इतकेच नव्हे तर फौजदारी खटले चालवणारा मुख्य सरकारी वकीलही मतांवर निवडून येतो. मते मागणारा वकील खटल्यांत कितपत निःपक्षपाती राहू शकेल, अशी शंका मला नेहमी वाटते. तुरुंग, सार्वजनिक रुग्णालय, निवडणुका आणि जन्ममृत्यूची नोंद ही कामे काउंटीची. सॅन होजेसारख्या पंधरा शहरांना मात्र स्वतंत्र नगरपरिषदा आहेत आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांचे काउंटीच पाहते.

विस्ताराने ही काउंटी आपल्या गोव्याहून थोडीच लहान, सुमारे ३,४०० चौरस किलोमीटर आहे; २०२०च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १९ लाखांवर होती. उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को उपसागर, पश्चिमेला सांताक्रुझ डोंगर, पूर्वेला डियाब्लो रांग आणि मधल्या सपाटीवर बहुतेक वस्ती. पणजीजवळच्या सांताक्रुझचे नाव तिथल्या डोंगराला पाहून आपल्याला आश्चर्य वाटू नये, कारण तिथली अशी नावे स्पॅनिश आहेत; १७७७ साली स्पॅनिश धर्मप्रसारकांनी संत क्लारेच्या नावाने तिथे मिशन स्थापले आणि त्यावरूनच १८५०मध्ये काउंटीचे नाव ठरले. ओलोनी लोक त्याआधीपासून तिथे राहत होते. आज संगणक कंपन्यांनी व्यापलेली ही सपाटी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होती.

डिचोली-सांग्याच्या खाणी पाहिलेल्या आपल्या वाचकांना याच काउंटीतल्या न्यू अल्माडेन या जुन्या पाऱ्याच्या खाणींबद्दल आवर्जून सांगावेसे वाटते. ओलोनी लोक तिथल्या हिंगुळाचा लाल रंग वापरत. १८४५मध्ये त्यात पारा असल्याचे ओळखले गेले, आणि पुढे सोन्याच्या शोधात आलेल्यांनी खनिजातून सोने वेगळे करण्यासाठी हाच पारा वापरला. खाणी बंद झाल्यावर त्या डोंगरावर काउंटीने उद्यान केले. लोक तिथे फिरायला जातात, परंतु पारा अजूनही पाण्याच्या गाळात असल्यामुळे तिथल्या तलावांतले मासे खाऊ नयेत, अशी सूचना आजही आहे.