चिमणीवर मीटर न बसवता इंधनाचा कार्बन डायऑक्साइड कसा मोजायचा?

युरोपातल्या गिऱ्हाइकाने तुमच्या डाइंग युनिटकडे वर्षाचा कार्बनचा आकडा मागितलाय, चिमणीवर मीटर लावावा लागेल का आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मीटर नको. चिमणीवरचा अॅनालायझर धुरातल्या वायूचे टक्के दाखवतो, टन नाही. जळालेलं इंधन गुणिले उष्मांक (किलोमागे निघणारी उष्णता) गुणिले उत्सर्जन गुणांक (त्या उष्णतेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड), हिशोब एवढाच. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिचे 2006 चे गुणांक चालतात: फर्नेस ऑइल 77.4, डिझेल 74.1, नैसर्गिक वायू 56.1, इंडोनेशियन कोळसा बहुधा सब-बिट्युमिनस या हलक्या प्रतीत येतो तो 96.1. सगळे एका गिगाज्यूल उष्णतेमागे किलो कार्बन डायऑक्साइड.

आता 'जळालेलं' या शब्दाकडे बघा. माझं एका साहेबांशी वाजलं ते याच शब्दावरून.

मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या बॉयलरवर सुपरवायझर होतो. जानेवारी 2022 मध्ये इंडोनेशियाने कोळशाची निर्यात थांबवली, पुढच्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं. मालक धास्तावले आणि मार्चमध्ये 700 टन जादा कोळसा यार्डात येऊन पडला. आम्ही महिन्याला 600 टन जाळायचो, वर्षाला 7,200. अकाउंट्सच्या साहेबांनी कार्बनच्या तक्त्यात खरेदीची बिलं जोडली. मार्चअखेरच्या त्या आर्थिक वर्षी 7,900 टन दिसले, पुढच्या वर्षी जादा ढीग वापरल्यामुळे खरेदी 6,500. वा! जवळपास 18 टक्के घट! सल्लागाराने पाठ थोपटली, प्रमाणपत्र आलं, रिसेप्शनला फ्रेम लागली. बॉयलर दोन्ही वर्षं तेवढाच जळत होता.

माझी लॉगशीट होती ना. लोडरची बकेट हॉपरला लागली की फायरमन बंकरच्या दारावर खडूने रेघ ओढायचा, पाचवी आडवी. शिफ्ट संपली की रेघा वहीत उतरायच्या. पानापानावर कोळशाने माखलेल्या अंगठ्यांचे ठसे. ती वही घेऊन मी साहेबांकडे गेलो. म्हणाले, "तुमचं काम आग लावायचं, आकडे आमच्याकडे द्या." मी विचारलं, "साहेब, यार्डातला कोळसा तुमच्या बिलाने जळतो का?" पुढचे सहा महिने माझा ओव्हरटाइम अडकला.

(त्या ढिगातला थोडा खरंच यार्डात जळाला म्हणा. एप्रिलच्या उन्हात आतून धुमसायला लागला, वास यायचा, जेसीबीने उलथापालथ करून पाणी मारावं लागलं. तो कोळसा बिलात होता, पण माझ्या लॉगशीटमध्ये नव्हता.)

तेव्हा सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हे धरा. 31 मार्चला यार्डाची मोजणी अकाउंट्सवाल्यांना एकट्याने करू देऊ नका, बॉयलरवाल्याची सही घ्या. माझ्या मते तर त्याच्या सहीशिवाय आकडा गेटबाहेर जाऊच नये.

उष्मांकात दुसरी गोची आहे. लॅबचा रिपोर्ट हवेत वाळवलेल्या नमुन्याचा असतो आणि काट्यावर कोळसा ओला चढतो. जुलैच्या पावतीत तर पाण्याचंही वजन येतं. वाळलेल्याचा उष्मांक आणि ओल्याचं वजन गुणलंत तर स्वतःवर फुकटचा कार्बन चढवून घ्याल. शिवाय आयपीसीसीचे गुणांक नेट उष्मांकावरचे आहेत, म्हणजे धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णता वजा करून. लॅब ग्रॉस, म्हणजे ती उष्णता धरून देते, तो कोळशाला साधारण 5 टक्के आणि गॅसला 10 टक्के जास्त असतो.

शेतीच्या कचऱ्याच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या) जाळत असाल तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या ओळीत दाखवतात, एकूण बेरजेत धरत नाहीत. डीजी (डिझेल जनरेटर) आणि फोर्कलिफ्टचं डिझेल विसरू नका, लिटरला 2.7 किलो धरा. घेतलेल्या विजेचा हिशोब निराळा, तो यात मिसळू नका.

हां, एक राहिलं. पाइपचा गॅस वापरत असाल तर मीटरचं बिल म्हणजेच जळालेलं इंधन, तिथे माझं वरचं पुराण लागू नाही. आठवड्याचाही साठा न ठेवणाऱ्या लहान युनिटला खरेदीच्या बिलाने फार फरक पडत नाही. आणि बकेटची रेघ म्हणजे काही सोन्याचा काटा नव्हे. ओला कोळसा बकेटला चिकटतो, माझाही आकडा दोन-चार टक्के इकडेतिकडे असेल. पण 18 टक्के नाही!

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एक्सेल पुरतं. विकत घेणारच असाल तर त्यात साठ्याचा रकाना आहे का ते आधी बघा. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.