जर्मन नागरिकत्व: नियम बदलले, अफवा त्याच

कायदा बदलला की आठवडाभरात त्याच शंका फिरून येतात. यावेळच्या निवडक.

नोकरी चांगली आहे, जर्मन भाषा सी-वनपर्यंत (प्रगत पातळी) झालीय. तीन वर्षांत नागरिकत्व मिळेल ना?
नाही. जून २०२४मध्ये आलेली ती सवलत ऑक्टोबर २०२५मध्ये संसदेने काढून टाकली. तुमचा अर्ज त्याआधीचा असेल तर कागद घेऊन वकिलाला भेटा.

नागरिकत्वासाठी जर्मनीत राहण्याची अट पाचाची पुन्हा आठ वर्षं होणार, असं ग्रुपवर आलंय.
त्या दुरुस्तीत पाच वर्षांना हात लावलेला नाही. फॉरवर्ड वाचून धावाधाव करू नका.

मास्टर्सची वर्षं धरतात का? आधी पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) लागतो का?
वर्षं धरतात. मात्र अर्ज करताना विद्यार्थी परवान्यावर असून चालत नाही. पीआर नसला तरी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) अर्ज करता येतो. मध्ये सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला असाल तर आधी सल्ला घ्या.

जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, म्हणजे भारतीय पासपोर्टही ठेवता येईल ना?
हे सांगून माझा घसा बसला. जर्मनीने २०२४मध्ये मान्य केलं, भारताने नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तुम्ही स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. तसं पत्र वगैरे घरी येत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की काही झालंच नाही. मग व्हिसाचे पैसे वाचवायला मुंबईच्या काउंटरवर जुना निळा पासपोर्ट पुढे करतात. तो गुन्हा आहे. ‘आमच्या ओळखीतले एकजण वर्षानुवर्षं असंच जातात’ हे मला सांगू नका. ते अजून सापडलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पासपोर्ट दूतावासात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, त्याच्या अर्जालाही ते लागतं. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे: मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येणाऱ्या जमिनीचं गावातल्या वकिलाशी आधीच बोलून ठेवा. आणि ओसीआय हातात येण्याआधी भारतातल्या लग्नाची तिकिटं काढायचीच असतील, तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा घ्या.

एक एजंट बी-वन (जर्मन भाषेची मधली पातळी) आणि नागरिकत्व चाचणी ‘हमखास पास’ करून देतो म्हणतो.
चाचणीत ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. सगळे प्रश्न सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. हमी कसली विकतोय तो? विकत घेतलेलं प्रमाणपत्र उघडकीस आलं तर मिळालेलं नागरिकत्वही दहा वर्षांपर्यंत रद्द होऊ शकतं.

अर्ज देऊन वर्ष झालं, कार्यालय उत्तरच देत नाही.
सबळ कारण नसताना तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो. कार्यालयं ढिम्म असतात हे खरंच; पण आधी तुमच्या बाजूने एखादा कागद राहिलाय का ते तपासा, लेखी स्मरणपत्र द्या आणि खर्चाचा अंदाज वकिलाकडून घ्या. २५५ युरो शुल्क भरल्याची पावती सोबत न्या.