फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी सुधारली का?

प्रश्न: मी ऐरोलीत राहते, माहेर जवळच कोळीवाड्यात. भाचा लंडनला शिकतोय, परवा व्हिडिओ कॉलवर त्याने थेम्स नदी दाखवली, म्हणे मावशी, ही एकेकाळी मेलेली नदी, आता इथे सील येतात. मी पण ऐटीत म्हटलं, आमच्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात! तर बाबा बाजूने म्हणाले, "पाखरांचं काय सांगतेस, मासळीचं सांग." आता मला कळेना, आपली खाडी सुधारली की नाही?

उत्तर: ताई, बाबांचं बरोबर आहे.

थेम्सचं आधी सांगतो. 1858 च्या उन्हाळ्यात तिचा वास इतका सुटला की संसदेतले पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले होते. मग बॅझलजेट नावाच्या इंजिनीअरने मोठमोठी गटारं बांधली, पण ती घाण नुसती खालच्या अंगाला बेक्टन आणि क्रॉसनेसला नेऊन सोडली, आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटल्यासारखं. म्हणून तर एवढं करूनही 1957 ला तिथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने नदी मृत आहे असं सांगितलं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग मासा पाण्यात असून गुदमरतो. सुधारणा झाली ती त्याच दोन ठिकाणचे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट 1960-70 च्या दशकांत नीट वाढवल्यावर. 1974 ला सॅल्मन सापडला, आज शंभरावर जातींचे मासे आहेत, सील आले ते या माशांच्या मागे. आणि गंमत म्हणजे पाणी आजही मातकटच दिसतं, तो गाळ आहे, भरती-ओहोटीने ढवळला जातो. तेव्हा रंगावर जाऊ नका.

आता आपले फ्लेमिंगो. ते चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, आणि शेवाळाला सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद म्हणजे खतच की हो! त्यामुळे गुलाबी थवा बघून पाणी स्वच्छ झालं असं नाही म्हणता येत. मी काही पक्ष्यांच्या विरोधात नाही हां, उलट त्यांच्यामुळेच 2015 ला अभयारण्य झालं, 2022 ला खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, नाहीतर भराव घालून मोकळे झाले असते लोक (तिवरांवर डोळा ठेवून बसलेले कमी नाहीत).

एक करा. ऐरोलीहून बोट सफारी असते, भरतीची वेळ बघून बुकिंग करा आणि बाबांना पण न्या. थव्याचे फोटो काढून झाले की त्यांना विचारा, इथे पूर्वी जाळ्यात काय काय लागायचं, बोईट, कोळंबी, चिंबोरी, निवट्या, आणि त्यातलं आता काय लागतं. दोन्ही याद्या लिहून घ्या आणि मला पाठवा, भाच्याला पण पाठवा.