खरीप मका : रान करतानाच ताटांची (रोपांची) संख्या धरा

प्रश्न (शिरूर तालुका, जि. पुणे) : गेल्या खरिपात मका विरळ उगवला, सखल तुकडा तर पिवळाच पडला. संकरित मक्याची कणसे घरी राखली आहेत. त्यांचे बी यंदा पेरू का? रान कसे तयार करू?

उत्तर : ते बी पेरू नका. संकरित वाणाचा जोम पहिल्या पिढीपुरताच असतो. पुढच्या पिढीत एक ताट उंच, शेजारचे खुजे, असे दिसते आणि उत्पादन घटते. दरवर्षी बी विकत घेणे जड जात असेल तर मांजरी, करवीर, पंचगंगा असे संमिश्र वाण आहेत. उत्पादन थोडे कमी मिळेल, पण घरचे बी दोन-तीन हंगाम चालते. त्यासाठी कणसे बांधाकडच्या ओळींतली घेऊ नका, रानाच्या मध्यातली घ्या. बांधाकडे शेजारच्या रानातल्या दुसऱ्या वाणाचे परागकण वाऱ्यावर येतात.

विरळ उगवण मला जास्त काळजीची वाटते. ज्वारी-गव्हासारखे मक्याला भरवशाचे फुटवे येत नाहीत. ताट गेले की कणीस गेले, मागून कितीही खत टाका. 75 × 20 सेंमी अंतरावर एकरी सुमारे 26,600 ताटे बसतात. ती उभी राहिली पाहिजेत. म्हणून एकरी 6 ते 8 किलो बी घ्या आणि पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत 90 च्या आसपास कोंब आले तरच ते बी रानात न्या.

सखल तुकड्यात पाणी साचल्याने मुळे गुदमरली असावीत. अशा वेळी युरिया टाकून पिवळेपणा जात नाही, आधी पाणी निघाले पाहिजे. उताराच्या बाजूने आत्ताच चर काढा आणि त्या भागात सरी पाडून वरंब्याच्या बगलेला टोकण करा (एकेक दाणा हाताने लावा).

बाकी रानाला एक खोल नांगरट द्या. 2018 पासून आपल्याकडे आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचे कोष त्याने उघडे पडतात. मग धसकटे वेचून कुळवाच्या दोन पाळ्या. शेवटच्या पाळीआधी एकरी 4-5 टन कुजलेले शेणखत पसरा. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वापसा (मशागतीजोगी ओल) आल्यावरच 4-5 सेंमी खोल पेरा. नांग्या (न उगवलेल्या जागा) आठवड्याभरात भरा.

बियाण्याची पिशवी, लेबल, पावती आणि मूठभर बी काढणीपर्यंत जपून ठेवा. उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर हेच पुरावे लागतात.